नोव्हेंबरच्या माजात व्हाइटटेल नराची शिकार : विस्कॉन्सिनच्या रानात कुठे आणि कसे बसावे

एरवी बहुतेक रात्रीच हिंडणारा मोठा व्हाइटटेल (अमेरिकेतले पांढऱ्या शेपटीचे हरीण) नर नोव्हेंबरच्या सुरुवातीला भरदिवसा बाहेर पडतो, तो माद्यांच्या शोधात. म्हणून माग नराचा काढू नये, माद्यांचा काढावा. त्या जिथे बसतात तिथे तो येणारच.

वेळ आणि कागदपत्रे

थंडी पडली की माज येतो, हा समज चुकीचा आहे. माज दिवस लहान होण्याशी बांधलेला असतो आणि दरवर्षी जवळपास त्याच तारखांना येतो. उकाड्यात हरणे दिवसा कमी हलतात, इतकाच काय तो फरक. साधारण १ ते १० नोव्हेंबर हे दिवस सगळ्यांत चांगले. पुढे नर एकेका मादीला धरून झाडोऱ्यात दडतो आणि रान ओस वाटू लागते. मादी माजावर जेमतेम एक-दोन दिवस असते. गाभण राहिली नाही, तर सुमारे २८ दिवसांनी पुन्हा माजावर येते.

अमेरिकेतल्या विस्कॉन्सिन राज्यात बंदुकीचा नऊ दिवसांचा मुख्य हंगाम थँक्सगिव्हिंगच्या (नोव्हेंबरचा चौथा गुरुवार) आधीच्या शनिवारी सुरू होतो. तोवर माजाचा भर ओसरत आलेला असतो, त्यामुळे हे काम धनुष्याचे किंवा क्रॉसबोचे (घोडा ओढून बाण सोडायचे आडवे धनुष्य). १ जानेवारी १९७३ रोजी किंवा नंतर जन्मलेल्यांना परवान्याआधी हंटर एज्युकेशनचा कोर्स करावा लागतो. भारतात १९७२ च्या कायद्याने शिकार बंद असल्याने तिथून आलेल्यांनी तो वय न पाहता करावाच.

जागा

आधी दाट झुडपांतल्या माद्यांच्या बसायच्या जागा शोधाव्यात. मग दोन जागांना जोडणारी अरुंद वाट पाहावी : दोन रानांमधली झाडांची पट्टी, टेकडीची खिंड, ओढ्याचा उतार.

स्क्रेप, म्हणजे नराने वासाची खूण म्हणून उकरलेली जागा, दिसला की नवखा माणूस तिथेच मचाण बांधतो. स्क्रेप ओळखणे सोपे आहे. खाली परातीएवढी जमीन खुरांनी उकरून उघडी केलेली, तिला मुताचा उग्र दर्प. वर माणसाच्या छाती-खांद्याच्या उंचीवर चघळून ब्रशासारखी फुटलेली फांदी. तिच्यावर नर कपाळ आणि डोळ्याच्या कोपऱ्यातली ग्रंथी घासतो. पण तो तिथे बहुतेक रात्रीच येतो, आणि ऐन माजात तर स्क्रेप ओस पडतात. त्यावरून परिसरात नर आहे एवढेच कळते. बसायचे ते माद्यांच्या वाटेवर.

वारा

सगळे इथे बिघडते. माद्यांचा वास घेण्यासाठी नर त्यांच्या जागेच्या वाऱ्याखालच्या अंगाने चालतो. आपले मचाण त्या वाटेच्याही वाऱ्याखाली, २० ते २५ मीटरवर हवे. वारा तपासायला पावडरीपेक्षा मिल्कवीडच्या म्हाताऱ्या बऱ्या. हे झाड आपल्या रुईच्याच कुळातले. मचाणावरून एक सोडावी आणि दिसेनाशी होईपर्यंत पाहावी. ती कुठे वळते, कुठे खाली बसते, तोच आपल्या वासाचा मार्ग. उतारावर सकाळी ऊन चढले की हवा वर सरकते, संध्याकाळी खाली उतरते. म्हणून सकाळी वाटेच्या वर, संध्याकाळी खाली बसावे. वारा चुकीचा असेल त्या दिवशी त्या मचाणावर जाऊच नये.

मचाणावर

पाच-सहा मीटर उंची पुरते. हार्नेस (अंगाला बांधायचे सुरक्षेचे पट्टे) जमिनीवरच घालून लाइफलाइनला (झाडाला वरपासून खालपर्यंत बांधलेला सुरक्षा दोर) अडकवावा, कारण धोका चढता-उतरताना जास्त असतो. धनुष्य दोरीने वर ओढावे. उजाडण्याआधी बसावे आणि दुपारी जेवायला उतरू नये. माद्या बसलेल्या असतात तेव्हा, दहा ते दोनच्या दरम्यान, नर त्यांच्या जागा हुंगत फिरतो.

बाण

चालत्या नराला तोंडाने हलकेच ‘म्यॅ’ करून थांबवावे. तो आडवा किंवा किंचित पाठमोरा असेल तरच बाण सोडावा. पुढच्या पायाच्या मागच्या कडेला, छातीच्या खालच्या एक-तृतीयांश भागात नेम धरावा. समोरून येणाऱ्यावर बाण सोडू नये. जनावर जखमी होऊन हाल सोसत मरते.

नर उभा होता ती जागा आणि शेवटचा दिसला ते झाड लक्षात ठेवावे. मग बाण पाहावा. फेसाळ गुलाबी रक्त फुप्फुसाचे : अर्धा तास थांबावे. गडद लाल रक्त यकृताचे : चार ते सहा तास. हिरवट, घाण वासाचा लगदा पोटाचा : आठ ते बारा तास. घाईने मागे गेलात तर जनावर उठून दूर पळते आणि हाती लागत नाही.

मटण

पोट फाडताना पात्याची धार वर ठेवून दोन बोटांचा आधार द्यावा, म्हणजे कोथळा फुटत नाही. मागच्या पायांच्या आतल्या काळ्या, दर्पयुक्त ग्रंथींना लागलेली सुरी मटणाला लावू नये. मांस लवकर ४ अंश सेल्सिअसखाली न्यावे. हरीण सापडल्याच्या दुसऱ्या दिवशी संध्याकाळी पाचच्या आत नोंदणी करावी लागते.

विस्कॉन्सिनमध्ये २००२ पासून क्रॉनिक वेस्टिंग डिसीज हा हरणांच्या मेंदूचा जीवघेणा रोग आढळतो. मेंदू आणि कण्याला सुरी लावू नये, डोके तपासणीला द्यावे, आणि रोग निघाल्यास मांस खाऊ नये. फ्रीजरमधल्या प्रत्येक पाकिटावर त्या हरणाचा नोंदणी क्रमांक लिहावा, म्हणजे अहवाल आल्यावर नेमकी कोणती पाकिटे टाकायची ते कळते.