१०८ येण्याआधी भरून ठेवायची पिशवी

घरात ७० ओलांडलेलं माणूस असेल तर दाराजवळच्या खुंटीला एक कापडी पिशवी आजच टांगा. १०८ ला फोन लावल्यावर शोधाशोध नको. तिच्यात चालू गोळ्यांची रिकामी पाकिटं ठेवा ('बीपीची पांढरी गोळी' एवढ्यावरून डॉक्टरांना काही कळत नाही) आणि जुना ईसीजी. रक्त पातळ करणारी गोळी सुरू असेल तर ठळक लिहून ठेवा. पडून डोक्याला मार लागला असेल तर हे सगळ्यात आधी सांगा. निघताना चष्मा, कानाचं यंत्र घ्याच. ऐकू आलं नाही की आजी उगाच गोंधळलेल्या वाटतात. तोंड वाकडं झालं, हात लुळा पडला (पक्षाघाताची लक्षणं) तर त्या शेवटच्या कधी ठीक होत्या ती वेळ लिहा: मेंदूतली रक्ताची गुठळी विरघळवणारं इंजेक्शन साधारण साडेचार तासांच्या आतच देतात.