काटा ६९ वर अडला तेव्हा

जानेवारीत माझं वजन ७८ किलो होतं. पहाटे अजिंक्यताऱ्यावर चढायचं, रात्री भात नाही, चहात साखर नाही. मे उजाडला तेव्हा ६९. आणि तिथेच काटा थांबला, पाच आठवडे. मी घाबरून रात्रीची भाकरीही बंद केली. चौथ्या दिवशी डोकं ठणकायला लागलं, दुपारी भूक आवरेना. तुम्ही हे करू नका.

आधी वजन खरंच अडलंय का ते बघा. सकाळी पोट साफ झाल्यावर, चहाच्या आधी रोज वजन करा आणि सात दिवसांची सरासरी काढा. लग्नात पापड-लोणचं झालं की मिठामुळे अंगात पाणी साठतं. पाळीच्या आधीही तसंच. एवढ्यानं किलोभर सहज इकडचं तिकडं होतं. बेंबीपाशी टेप लावून कंबरही मोजा. तीन-चार आठवडे सरासरी आणि कंबर दोन्ही जागची हलली नाहीत, तरच अडलंय असं समजा.

अडण्याचं कारण समजलं तेव्हा माझा जीव भांड्यात पडला. हलकं शरीर कमी खर्च करतं. नुसतं पडून राहिलो तरी लागणारी ऊर्जा काढायचं एक सूत्र आहे, मिफ्लिन-सेंट जिओर. त्यात प्रत्येक किलोमागे दिवसाला १० कॅलरी धरतात. माझे ९ किलो गेले, म्हणजे ९० कॅलरी तिथेच घटल्या. गड चढतानाही आता कमी ओझं वर न्यायचं. जानेवारीत जे जेवण कमी होतं, ते मे महिन्यात पुरेसं झालं होतं.

मग कमी काय करायचं? पोळी-भाकरीला हात लावण्याआधी तेल मोजा. हे मी अगदी कळकळीनं सांगते, कारण आपल्याकडे तेल डोळ्यांनी घालतात. पोह्यांना मी 'एक पळी' घालायचे. एकदा ती पळी मोजली, तर ४५ मिली भरली. त्यात जवळपास ३७० कॅलरी असतात आणि खाणारे आम्ही तिघं. वर पोळीला तेलाचं बोट, वांग्याला दाण्याचं कूट. २५ ग्रॅम कूट म्हणजे साधारण १४० कॅलरी. शनिवारच्या उपासाची साबुदाणा खिचडी मी हिशेबातच धरत नव्हते. आता फोडणीला पळीऐवजी पाच मिलीचा चमचा वापरते, माणशी एक. मोहरी तेवढ्यातही तडतडते, फक्त कढई जाड हवी. कूट बंद केलं नाही, मोजून घालते. आठवडाभर स्वयंपाक करताना चाखलेलं आणि मुलांच्या ताटातलं उरलेलंही वहीत लिहा.

प्रथिनं मात्र वाढवा. वजन उतरताना चरबीबरोबर स्नायूही जातात. मी सकाळी दोन अंडी आणि दुपारी मटकीची उसळ वाटीभर जास्त घेऊ लागले. मूत्रपिंडाचा त्रास असेल तर आधी डॉक्टरांना विचारा.

गड सोडला नाही, पण आठवड्यातले दोन दिवस स्नायूंच्या व्यायामाला दिले: खुर्चीवरून हात न टेकता उठबस, भिंतीवर जोर, पाण्यानं भरलेल्या बाटल्या उचलणं. दहा उठबशा जमल्या की पुढच्या आठवड्यात बारा.

फार थकवा असेल तर दोन आठवडे वजन टिकेल इतपतच खा, उतरवायला जाऊ नका. मी माहेरी गेले तेव्हा हेच केलं. वजन वाढलं नाही, झोप मात्र सुधारली.

एवढं करूनही महिना-दीड महिना काहीच फरक नसेल, किंवा थंडी जास्त वाजते, केस गळतात, पाळी बिघडलीय असं असेल, तर थायरॉईडची टीएसएच तपासणी करून घ्या. इन्सुलिन आणि स्टेरॉईडसारख्या औषधांनीही वजन वाढतं. ती स्वतःहून बंद करायची नाहीत, आणि मधुमेहाची औषधं चालू असतील तर जेवण कमी करण्याआधीही डॉक्टरांशी बोला.

चमचा हातात घेतल्यावर तिसऱ्या आठवड्यात माझी सरासरी ६८.४ आली. ६४ झाले की वही घेऊन पुन्हा हिशेब करणार आहे.