१३बी रोटरी विमानासाठी तयार करताना: लातूरच्या शेडमधून

लातूर एमआयडीसीतल्या माझ्या शेडमध्ये मझदा कारचं १३बी रोटरी इंजिन लोखंडी गाड्यावर बसलंय, विमानाला लावायला. यात पिस्टनऐवजी तिकोनी रोटर फिरतात. अजून उडालेलं नाही. पंखा लावून जमिनीवर ४० तास चाललंय, आणि तेवढ्यात जे कळलं तेच सांगतो.

जुनं इंजिन घेताना व्यापारी कॉम्प्रेशन गेज लावून दाखवतो. मला दाखवलं, मी भुललो. रोटरला तीन बाजू असतात आणि साधं गेज त्यातल्या सगळ्यात चांगल्या बाजूचा आकडा धरून बसतं. म्हणून गेजमधला एकतर्फी व्हॉल्व्ह काढून टाका, खालच्या प्लगच्या भोकात गेज बसवा, स्टार्टर मारा. काट्यानं तीनदा सारखी उडी मारली पाहिजे. एक उडी दमदार आणि दोन मरतुकड्या दिसल्या तर अ‍ॅपेक्स सील, म्हणजे रोटरच्या टोकावरची पट्टी, गेलं समजा, कारण एक सील दोन बाजूंच्या मधे असतं.

आत पोर्ट, म्हणजे हवा-धुराची भोकं, कोरायला जाऊ नका. ६५४ सीसीचे दोन रोटर ६००० फेऱ्यांच्या आसपास १६० एचपी देतात, छोट्या दोन सीटच्या विमानाला ते पुष्कळ झालं. एसीचा कॉम्प्रेसर, धुराचा एअर पंप, जड फ्लायव्हील, हे सगळं उतरवा. सील भिजवण्यासाठी संपमधलं (इंजिनाखालच्या ऑईलच्या तळातलं) ऑईल ओढणारा छोटा पंपही काढा, जागा प्लेटनं बंद करा आणि टू-स्ट्रोक ऑईल पेट्रोलमध्येच मिसळा, लिटरला ६ ते ८ मिली. आपल्याकडचं पेट्रोल आता २० टक्के इथेनॉलचं. ते साधा रबर खातं आणि उन्हात लवकर वाफ धरतं. पाईप वायटॉनचे घ्या, पेट्रोलचे दोन्ही पंप टाकीच्या खाली ठेवा. पंपानं पेट्रोल ढकलावं, ओढू नये.

पंखा थेट शाफ्टला लावायचा विचारही नको. १.८ मीटरचा पंखा ६००० ला फिरवला तर टोक सेकंदाला ५६५ मीटर पळेल, आवाजाच्या वेगाच्याही पुढं. २.८५ चा रिडक्शन गिअरबॉक्स लावला की पंखा २१०० वर येतो. इंजिन आणि गिअरबॉक्सच्या मधे रबरी डँपर हवाच. माझ्याकडं आधी नव्हता, तेव्हा आयडलला गिअर असे खडखडायचे की शेजारच्या शेडमधले लोक बाहेर यायचे.

आता खरं दुखणं, उष्णता. रोटर आतून ऑईलनं थंड होतात, त्यामुळं बाहेर टाकायच्या उष्णतेचा साधारण तिसरा हिस्सा ऑईल कूलरवर पडतो. कारवाल्याचा छोटा कूलर इथं पुरत नाही. रोटर ज्या घरात (हाउसिंगमध्ये) फिरतो, त्याच्या एका बाजूला कायम जाळ आणि दुसऱ्या बाजूला कायम गार हवा, म्हणून ते एकसारखं फुगत नाही. एकदा जरी पाणी उकळलं तरी मधल्या रबरी रिंगा जातात आणि दुसऱ्या दिवशी सकाळी सायलेन्सरमधून पांढरा धूर येतो. मी पाण्याला ९५ अंश आणि ऑईलला १०० अंश ही मर्यादा ठरवली आहे. काटा तिथं गेला की थ्रॉटल बंद, चर्चा नाही.

लातूर २००० फुटांवर. मेमध्ये पारा ४२ ला गेला की इथली हवा ५७०० फुटांवरच्या हवेइतकी विरळ होते. इंजिनाचा दम कमी, रेडिएटरमधून जाणारी हवाही हलकी. म्हणून रेडिएटर मोठा करण्याआधी त्याचा भाता, म्हणजे त्याच्याकडं हवा नेणारं नळकांडं, नीट करा: तोंड लहान, मग हळूहळू रुंद होत रेडिएटरपर्यंत.

भाता तपासायला मी गवंड्याचा लेव्हल पाईप वापरला. रेडिएटरसकट भाता पिकअपच्या टपावर बांधला, पाईपचं एक टोक रेडिएटरच्या पुढं, दुसरं मागं, मधे रंगीत पाणी. भाच्यानं पहाटे पाचला रेणापूरच्या रस्त्यावर गाडी ८० ला धरली. थांबलो तर एक दूधवाला पाईपकडं बघून म्हणाला, "काका, पाणी बघायलाव का? आमच्या रानात पण या." त्या वेगाला वाऱ्याचा सगळा दाब मिळून पाणी फार तर २.८ सेंमी चढतं. माझं १ सेंमीवर थांबलं. बाकीची हवा रेडिएटरच्या कडेनं पळत होती. चारी कडांना दाराची रबर बीडिंग चिकटवली, पुन्हा गेलो, २ सेंमी. वेग दीडपट झाला की दाब सव्वादोनपट होतो, म्हणजे १२० च्या चढाईत मला साडेचार सेंमी मिळतील.

एक्झॉस्टला साधा पाईप लावू नका. धूर ९०० अंशांच्या वर निघतो. साखर कारखान्याची कामं करणाऱ्या वेल्डरनं मला बनवून दिलेला पाईप बाराव्या तासाला वेल्डशेजारी चिरला. आता ३२१ ग्रेडचं स्टील आहे.

इलेक्ट्रिकचं सगळं दोन-दोन: कंट्रोलर, पंप, बॅटरी. मग अल्टरनेटरची वायर काढा आणि नुसत्या बॅटरीवर इंजिन किती मिनिटं चालतं ते घड्याळ लावून मोजा.

परवानगीचं काम सुटे भाग जमवतानाच सुरू करा, शेवटी नाही. पायलट अमोल यादवांनी मुंबईत कांदिवलीला गच्चीवर विमान बांधलं, त्यांना डीजीसीएची (सरकारच्या विमान वाहतूक खात्याची) नोंदणी मिळायला २०१७ उजाडलं. माझी फाईल अजून पातळ आहे. पुढचं काम ऑईल कूलरचा भाता. तोही टपावर चढेल, आणि दूधवाल्याला आधीच सांगून ठेवलंय.