जुना जर्मन मार्क हाती आला तर

नाशिकरोडच्या नोट प्रेसमध्ये माझी नोकरी झाली, म्हणून पेटीत जुनी नोट सापडली की लोक माझ्याकडेच येतात. जर्मन मार्क असेल तर आधी साल बघा. १९२३ची, कोटींचे आकडे असलेली नोट पाहून हुरळू नका. त्या नोव्हेंबरात एका रेंटेनमार्कला (तेव्हा आलेलं नवं जर्मन चलन) असले एक लाख कोटी मार्क मोजावे लागत. मागची बाजू कोरी? तरी खोटी म्हणू नका. घाईत कित्येक नोटा एकाच बाजूने छापल्या होत्या. (आमच्याकडे असं छापलं असतं तर साहेबांनी उभं केलं असतं!) १९४८ नंतरचा डॉइश मार्क मात्र जपा. जर्मनीची मध्यवर्ती बँक, बुंडेसबँक, आजही १.९५५८३ मार्कांना एक युरो देते, मुदत नाही. आणि नाणं चिंचेनं घासू नका, संग्राहक हातही लावणार नाही.