इआयदो पाहताना या चुका टाळा: निपुणता नेमकी कुठे दिसते

इआयदो ही म्यानातील तलवार बाहेर काढण्याची जपानी कला होय. तीत समोर प्रत्यक्ष प्रतिस्पर्धी नसतो, दोन तलवारी एकमेकींवर आदळत नाहीत, आणि एक काता, म्हणजे हालचालींचा ठरलेला क्रम, बहुधा एका मिनिटाच्या आत संपते. त्यामुळे प्रथमच पाहणारा एक तर 'एवढेच का?' असे म्हणून मागे वळतो, किंवा पात्याच्या लखलखाटाने भारावून त्या लखलखाटालाच कौशल्य समजतो. दोन्ही वेळा खरी निपुणता त्याच्या नजरेतून निसटलेली असते. ती सर्वाधिक स्पष्ट दिसते पाते म्यानात असताना आणि म्यानात परतताना, असे माझे ठाम मत आहे; आणि नवशिक्याच्या चुकाही त्याच दोन जागी उघड्या पडतात.

पुढील विवेचनासाठी चार शब्द पुरेसे आहेत. तलवार काढता काढताच होणारा पहिला छेद म्हणजे नुकित्सुके. त्यानंतर डोक्यावरून सरळ खाली येणारा निर्णायक छेद म्हणजे किरिओरोशी. पात्यावरील रक्त झटकण्याची क्रिया म्हणजे चिबुरी, आणि तलवार पुन्हा म्यान करणे म्हणजे नोतो. अखिल जपान केंदो महासंघाच्या प्रमाणित संचातील पहिली काता, 'माए', हे चारही टप्पे क्रमाने दाखवते, म्हणून पाहण्याची सुरुवात तिच्यापासून करणे सोयीचे ठरते.

वेगाला निपुणता समजणे

ही चूक सर्वांत जास्त लोक करतात. कोल्हापूरच्या मर्दानी खेळात हलगीच्या ठेक्यावर अखंड फिरणारा दांडपट्टा ज्यांनी पाहिला आहे, त्यांची नजर गती आणि सातत्य टिपायला सरावलेली असते. पण तीच मोजपट्टी इआयदोला लावली तर मोजमाप चुकते, कारण येथे वेग सुरुवातीपासून शेवटपर्यंत सारखा नसावा अशीच अपेक्षा आहे. 'माए'मध्ये दोघे समोरासमोर गुडघे मोडून, आपल्या वज्रासनासारख्या सेइझा बैठकीत बसले आहेत असे गृहीत धरलेले असते. समोरच्याच्या मनातील घातक हेतू जाणवताच हात मुठीकडे जातात, परंतु ते झडप घालत नाहीत, शांतपणे जातात. समोरच्याने अजूनही विचार बदलावा, इतकी जागा त्या संथपणात ठेवलेली असते. मग कंबर उचलली जाते, पायांची बोटे जमिनीवर रोवली जातात, पाते सरकत बाहेर येऊ लागते आणि त्याचा वेग वाढत जातो. टोक म्यानाच्या तोंडापाशी येईपर्यंत उरलेली पात्याची शेवटची काही बोटे लांबी मात्र एकाच क्षणात सुटते, आणि त्याच क्षणी उजवा पाय पुढे पडून आडवा छेद प्रतिस्पर्ध्याच्या कानशिलावर पोहोचतो. संथ आरंभ, वाढता मध्य आणि तीव्र शेवट या चढत्या लयीला जपानीत 'जो-हा-क्यू' म्हणतात.

नवशिक्याची लय नेमकी उलटी असते. तो मुठीवर झडप घालतो, निम्मे पाते झटक्यात ओढून काढतो, आणि शेवटच्या चार बोटांपाशी, जिथे सर्वाधिक वेग हवा, तिथे अडखळतो. पाहणाऱ्याला तो वेगवान वाटतो. प्रत्यक्षात त्याचा छेद सर्वांत मंद जागी संपलेला असतो. असे होत असल्यास उजवा खांदा पाहावा. तो कानाकडे उचलला गेलेला असेल, तर तलवार हाताच्या जोराने ओढली जात आहे, कंबरेच्या उठण्यातून ती बाहेर येत नाही. यावर उपाय म्हणजे काही दिवस संपूर्ण नुकित्सुके अतिशय संथ करणे, आणि कंबर वर येण्याच्या प्रमाणातच पाते बाहेर येऊ देणे. वेग नंतर फक्त शेवटच्या टप्प्यात मिसळावा.

उजव्या हाताकडे पाहत राहणे आणि डावा विसरणे

पाते उजव्या हातात असते, त्यामुळे डोळे तिथेच खिळतात. तरीही मला विचाराल तर इआयदो ही डाव्या हाताची कला आहे. साधारणपणे वापरल्या जाणाऱ्या पात्याची लांबी सव्वादोन ते अडीच शाकु, म्हणजे सुमारे ६८ ते ७६ सेंटिमीटर असते. इतके लांब पाते नुसता उजवा हात पुढे नेऊन, खांदा न ताणता, म्यानाबाहेर निघणे अवघड असते. म्हणून डावा हात म्यानच मागे ओढतो. या ओढण्याला सायाबिकी म्हणतात. जाणकार परीक्षकाची नजर तलवारीच्या आधी म्यानावर जाते, ती यामुळेच.

डाव्या हाताची कामे क्रमाने पाहावीत. प्रथम अंगठा हस्तत्राणावर, त्सुबावर, हलका दाब देऊन पात्याच्या मुळाशी असलेली धातूची पट्टी म्यानाच्या घट्ट तोंडातून मोकळी करतो. हे इतके अल्प असते की लांबून दिसू नये. मग वर धार असलेले म्यान पाते बाहेर येत असताना, अगदी अखेरीस, बाहेरच्या बाजूला कलते, जेणेकरून छेद आडवा जावा. आणि टोक सुटण्याच्या क्षणी ते कंबरेला घासून, पट्ट्यालगत मागे जाते. निपुण व्यक्तीच्या बाबतीत डाव्या बाजूचे हे मागे जाणे आणि उजव्या बाजूचे पुढे जाणे एकाच श्वासात घडते. छाती त्यामुळे उघडते; पण पाठ पुढे झुकत नाही.

येथे बिघाड झाला तर तो कानालाही कळतो. तलवार काढताना लाकडावर खरखर ऐकू येणे, म्यानाच्या तोंडातून बारीक भुसा गळणे, किंवा अर्ध्या वाटेवर पाते अडकणे, ही तिन्ही लक्षणे एकाच कारणाकडे बोट दाखवतात: पाते आणि म्यान एका रेषेत नाहीत, आणि धार लाकडात रुतत आहे. जपानी म्यान हो नावाच्या मॅग्नोलिया जातीच्या मऊ लाकडाच्या दोन फळ्या चिकटवून बनवलेले असते. सरावाची तलवार, इआयतो, मिश्रधातूची व बिनधारेची असते, म्हणून तिने नुकसान फक्त म्यानाचे होते. खऱ्या धारेची तलवार मात्र आतून लाकूड चिरून डाव्या हाताच्या बोटांपर्यंत पोहोचू शकते. म्हणूनच म्यान धरताना बोटे धारेच्या बाजूवर आवळू नयेत. पाते अडकले तर जोर लावू नये, ते परत आत सरकवावे, कोन तपासावा आणि मगच पुन्हा काढावे. मूठ आणि पाते यांना जोडणारी बांबूची खीळ, मेकुगी, प्रत्येक सरावाआधी तपासावी. ती ढिली असलेल्या तलवारीने एकही छेद घेऊ नये. कार्यक्रमापूर्वी एखादी ज्येष्ठ व्यक्ती कोपऱ्यात उभी राहून शांतपणे आपल्या तलवारीची मूठ न्याहाळताना दिसली, तर तिच्या कलेचे प्रदर्शन तिथेच सुरू झाले आहे असे मानावे.

आवाजावर भुलणे

पाते हवेतून जाताना सूं असा आवाज येतो आणि तो प्रेक्षकांना फार आवडतो. परंतु हा आवाज मुख्यतः पात्याच्या बाजूला कोरलेल्या खोबणीमुळे येतो. खोबण नसलेले पाते उत्तम हातातही जवळजवळ मूक राहते, आणि रुंद व खोल खोबणीचे पाते फारशा कौशल्याविना बोलते. म्हणून आवाज किती मोठा आहे याला फारसे महत्त्व नाही. तो कुठे आला, हे महत्त्वाचे आहे. कल्पिलेल्या प्रतिस्पर्ध्याच्या मस्तकाच्या उंचीवर तो आखूड व स्वच्छ उमटला, तर पात्याची धार आणि तिचा मार्ग जुळले आहेत. तो डोक्यामागेच सुरू झाला आणि लांबत गेला, तर जोर चुकीच्या जागी खर्च झाला आहे.

आवाजाच्या नादी लागलेला विद्यार्थी मनगट झटकू लागतो, आणि मग छेदाच्या शेवटी टोक जमिनीकडे कोसळते. 'माए'च्या किरिओरोशीत टोक आडव्या रेषेच्या किंचितच खाली थांबले पाहिजे. हा दोष असलेल्याने खोबण नसलेल्या लाकडी तलवारीने सराव करावा. आवाजच नाही म्हटल्यावर लक्ष आपोआप टोकाच्या थांबण्याकडे जाते.

समोर कोणी नाही असे धरून पाहणे

काता हे नृत्य नाही. तीत एक दुसरा माणूस आहे, फक्त तो दिसत नाही, आणि करणाऱ्याच्या डोळ्यांतून तो दिसू लागला की कला साधली. यासाठी नजरेचे एक शिक्षण असते. त्याला 'एन्झान नो मेत्सुके', म्हणजे दूरच्या डोंगराकडे पाहावे तशी नजर, असे म्हणतात. सह्याद्रीच्या पायथ्याशी उभे राहून कडा पाहताना आपण एका दगडावर डोळे रोवत नाही, आणि तरीही कड्यावरील हालचाल लगेच टिपतो. नजर तशी असावी. पहिला छेद कानशिलावर, दुसरा मस्तकावर, आणि मग खाली पडलेल्या देहावर स्थिर राहणारे लक्ष, असा तिचा प्रवास असतो. पाहताना स्वतःला एकच प्रश्न विचारावा: हा प्रतिस्पर्धी किती उंच आहे आणि किती अंतरावर आहे? उत्तर सहज सुचले, तर समोर निपुण माणूस आहे. प्रत्येक छेद वेगळ्या उंचीवर जात असेल, तर त्याचा प्रतिस्पर्धी अजून त्यालाच भेटलेला नाही.

नोतो सुरू होताच लक्ष काढून घेणे

छेद झाले, रक्त झटकले, आता तलवार आत जाणार, एवढेच उरले असे वाटून प्रेक्षक सैलावतो. चिबुरीकडेही तो केवळ एक नाट्यमय हातवारा म्हणून पाहतो. वस्तुतः एका झटक्याने पाते स्वच्छ होत नाही; ते लाकडी म्यानात घालण्यापूर्वी पुसावेच लागते, अन्यथा गंज चढतो. चिबुरी ही प्रतीकात्मक क्रिया आहे, आणि तिचे मूल्य ती किती डौलदार आहे यात नाही. ती करताना शरीर पुन्हा छेद देण्यास तयार राहिले का, हे पाहायचे असते. या जागरूक उरण्याला झान्शिन म्हणतात, आणि त्याची खरी कसोटी नोतोमध्ये लागते.

नोतोमध्ये पात्याची पाठ म्यानाच्या तोंडाशी, डाव्या हाताच्या अंगठा आणि तर्जनी यांच्यामध्ये टेकते, उजवा हात तिला टोकापर्यंत ओढत नेतो, आणि टोक तोंडाशी पोहोचताच म्यान स्वतः पुढे येऊन त्याला सामावून घेते. हे सर्व खाली न पाहता करायचे असते. येथेही ओढणारा हात जितका महत्त्वाचा, तितकाच म्यान मागे नेणारा व परत आणणारा हात महत्त्वाचा. पाते आत जात असताना गुडघा हळूहळू जमिनीकडे येतो, आणि त्सुबा म्यानाला टेकणे व गुडघा जमिनीला टेकणे या दोन्ही गोष्टी एका क्षणी संपतात. चित्रफिती पाहून या क्रियेचा वेग उचलणाऱ्यांना डाव्या तळहाताला इजा होते. ती टाळण्याचा मार्ग एकच, शिक्षकाने सांगेपर्यंत नोतोचा वेग वाढवू नये. टोक सापडत नसेल, तर मान खाली घालण्याऐवजी डावा हात तपासावा. बहुतेक वेळा म्यानाचे तोंड शरीराच्या मध्यरेषेपासून दूर गेलेले असते.

एका परंपरेने दुसरीला मोजणे

सोळाव्या शतकातील हायाशिझाकी जिन्सुके यांना या कलेचे मूळ पुरुष मानतात. आज सर्वाधिक प्रचलित असलेल्या दोन शाखा, मुसो जिकिदेन एइशिन-र्यू आणि मुसो शिन्देन-र्यू, दोन्ही तोसा प्रांतातील परंपरेतून आल्या. पहिलीची आजची मांडणी ओए मासामिची यांनी केली, तर दुसरी नाकायामा हाकुदो यांच्यापासून पुढे आली. मूळ एक असल्याने दोन्हींत ओळखीच्या हालचाली दिसतात, पण तलवार डोक्यावर नेण्याची वाट आणि नोतोची पद्धत वेगळी असू शकते. तो फरक म्हणजे चूक नव्हे. महासंघाच्या प्रमाणित संचात १९६९ मध्ये ७ काता होत्या, १९८० मध्ये ३ आणि २००० मध्ये २ जोडल्या गेल्या. या १२ कातांचे नियम एकसारखे असल्याने तुलना करायची असेल तर त्यांच्यातच करावी. स्पर्धेत दोघे शेजारी-शेजारी एकाच वेळी काता करतात आणि परीक्षक लाल किंवा पांढरे निशाण उचलतात. तेथे आधी संपवणारा जिंकत नाही.

दरवर्षी मे महिन्याच्या सुरुवातीला क्योतो येथील, १८९९ मध्ये बांधलेल्या बुतोकुदेन या लाकडी सभागृहात ज्येष्ठ गुरूंची प्रात्यक्षिके होतात. सातव्या दाननंतर (दान म्हणजे प्रावीण्याची श्रेणी) आठव्याच्या परीक्षेला बसण्यासाठीच किमान दहा वर्षांचा सराव आवश्यक असतो, त्यामुळे तेथे पांढरे केस पुष्कळ दिसतात. तरुणांच्या मानाने त्यांची हालचाल कमी वाटते आणि नवखा प्रेक्षक ती वयाची मर्यादा समजतो. अशा वेळी त्यांच्या हालचालीतून काय गळून गेले आहे ते मोजावे: खांद्याचा उचल, मुठीवरची पकड घट्ट करण्याचा जादा क्षण, छेदानंतरचे डोलणे. यांपैकी काहीच उरलेले नसते.

अशी एखादी चित्रफीत उपलब्ध असल्यास ती तीनदा पाहावी. पहिल्या वेळी नेहमीप्रमाणे, दुसऱ्या वेळी आवाज बंद करून, आणि तिसऱ्या वेळी पाते हाताने झाकून फक्त डावा हात, कंबर आणि डोळे पाहावेत. प्रत्यक्ष सभागृहात असाल, तर टाळ्या नोतोनंतर लगेच वाजवू नयेत. तलवारीला अखेरचे वंदन करून ती व्यक्ती मागे सरकेपर्यंत काता चालूच असते.