एनडीआयवर नवीन काम सुरू करताय? माझा अनुभव

पीएचडीला आल्या आल्या नॅप्थलीन डायइमाइड, म्हणजे आपला एनडीआय, हातात आला असेल तर सुरुवात चांगली झाली समजा. नुसतं नॅप्थलीन इलेक्ट्रॉन घ्यायला फारसं राजी नसतं, पण दोन्ही टोकांना इमाइड (एका नायट्रोजनला दोन कार्बोनिल, म्हणजे C=O, जोडलेला गट) बसलं की चार कार्बोनिल मिळून त्याचे इलेक्ट्रॉन ओढतात आणि मग तोच रेणू बाहेरून एकेक करत दोन इलेक्ट्रॉन घेतो, वर परतही देतो, मला तर हे अजूनही भारी वाटतं.

बनवणं सोपं आहे. नॅप्थलीनचं डायअनहायड्राइड, जरा जास्त ऑक्टिलअमाइन (आठ कार्बनची साखळी असलेलं अमाइन), सॉल्व्हंट म्हणून डीएमएफ, रात्रभर गरम. अमाइनची साखळी फार छोटी घेऊ नका, सपाट रेणू एकावर एक रचून बसतात आणि मग काही केल्या विरघळत नाहीत. एनएमआरमध्ये ८.७ पीपीएमच्या आसपास चार प्रोटॉनचा एकच सिंगलेट (न फुटलेलं पीक) हवा, तिथे दोन डब्लेट (दोन-दोन भागांत फुटलेली पीक) दिसले तर एक टोक अजून तसंच राहिलंय, रिअॅक्शन परत लावा.

खरी परीक्षा सीव्हीला, म्हणजे सायक्लिक व्होल्टामेट्रीला: व्होल्टेज पुढेमागे फिरवायचं आणि रेणू कधी इलेक्ट्रॉन घेतो, कधी देतो ते करंटवरून बघायचं. डीसीएममध्ये (डायक्लोरोमिथेन, आपला सॉल्व्हंट) संदर्भासाठी घेतलेल्या फेरोसीनच्या तुलनेत साधारण -१.१ आणि -१.५ व्होल्टला दोन लाटा येतात, एकेका इलेक्ट्रॉनची एकेक. माझ्या पहिल्याच सीव्हीत या दोघींच्या मधे अजून एक फुगवटा आला आणि मी दोन आठवडे त्याचा अर्थ लावत पेपर वाचत बसले, शेवटी लॅबमधल्या ताईंनी विचारलं, "ब्लँक घेतलास का?" घेतला नव्हता. घेतला, तर एनडीआय न टाकताच तो फुगवटा हजर! विरघळलेला ऑक्सिजन होता, त्याचं रिडक्शन, म्हणजे इलेक्ट्रॉन घेणं, नेमकं याच भागात होतं. पंधरा मिनिटं नायट्रोजन सोडला, गेला.

तेव्हापासून आधी ब्लँक, मग एनडीआय, सगळ्यात शेवटी फेरोसीन, हा क्रम मी मोडत नाही. नायट्रोजन सोडताना डीसीएम उडून जातं, त्यामुळे गॅस आधी डीसीएमच्याच बाटलीतून फिरवून आणा, नाहीतर कॉन्सन्ट्रेशन बदलतं. आणि जाण्यायेण्याच्या पीकमधलं अंतर आदर्श ५९ मिलिव्होल्टऐवजी ९० आलं म्हणून लगेच घाबरू नका, डीसीएमचा रेझिस्टन्स जास्त असतो, त्याच सेलमध्ये फेरोसीनचं अंतर किती येतंय ते बघा, तेही तेवढंच असेल तर तुमचा रेणू व्यवस्थित रिव्हर्सिबल आहे, म्हणजे घेतलेला इलेक्ट्रॉन नीट परत देतोय.