एका परड्यात दोन-तीन कोंबडे? मग या चुका टाळा

खानापूर, बेळगाव, निपाणी, चिकोडी या पट्ट्यात परड्यात कोंबड्या पाळणाऱ्या बहुतेक घरांत गरजेपेक्षा जास्त कोंबडे असतात. कारण साधं आहे. अंडी उबवायला बसवली की साधारण निम्मी पिल्लं नर निघतात, आणि नर कुणी लगेच विकत नाही. गावची यात्रा जवळ आलेली असते, मुंबई-पुण्याचे पाहुणे यायचे असतात, कुणी नवस बोललेला असतो. असं करत करत अंगणात तीन-चार पुरे वाढलेले कोंबडे जमतात. चार-पाच महिन्यांचे होईपर्यंत भावाभावांसारखे एकत्र चरतात आणि मग एका सकाळी एकाचा तुरा रक्तानं माखलेला दिसतो.

"हा माजलाय, याला कापून टाका," असं घरातलं कुणीतरी म्हणतंच. पण बऱ्याचदा दोष त्या कोंबड्याचा नसतो. जागा किती, कोंबड्या किती, दाणा कुठं टाकतो आणि भांडण लागल्यावर आपण काय करतो, या चार गोष्टी तपासल्याशिवाय सुरी काढू नका.

भांडण मध्येच सोडवून परत तिथंच सोडणं

सर्वांत जास्त नुकसान या चुकीनं होतं आणि ती चांगल्या मनानं केली जाते, म्हणून आधी हीच सांगतो.

कोंबड्यांच्या कळपात वरचा-खालचा क्रम ठरलेला असतो. तो ठरवायलाच दोन कोंबडे समोरासमोर येतात. मान खाली, मानेची पिसं छत्रीसारखी फुललेली, चोचीला चोच आणि नजर हलत नाही. मग उडी, पंखांचा फडफडाट, पायाचा वार. बऱ्याचदा थोड्याच वेळात एक जण मान वळवतो, पिसं बसवतो आणि बाजूला होतो. जिंकलेला दोन-चार पावलं मागं धावतो, बांग देतो, आणि विषय संपतो.

आपण काय करतो? मान वळण्याआधीच काठी घेऊन धावतो, एकाला डालग्याखाली झाकतो आणि संध्याकाळी पुन्हा सोडतो. निकाल लागलेला नसतो, म्हणून दोघं पुन्हा पहिल्यापासून सुरू करतात, या वेळी जखमी अंगानं. रोज असं होत राहिलं की महिनाभर भांडण मिटत नाही, आणि दोष कोंबड्यांना लागतो.

मग मध्ये पडायचंच नाही का? पडायचं, पण कधी ते ओळखून. रक्त वाहायला लागलं, डोळ्यावर वार झाला, हरलेला पळाला तरी जिंकलेला पाठ सोडत नाही, किंवा हरलेला कोपऱ्यात डोकं खुपसून बसलाय आणि वरून मार चालूच आहे, तर त्याच क्षणी वेगळं करा. आणि एकदा वेगळं केलं की तासाभरासाठी करू नका. जखम पूर्ण भरेपर्यंत वेगळं ठेवा आणि नवीन कोंबडा आणल्यासारखंच जाळीतून पुन्हा ओळख करून द्या (ती कशी, ते पुढं सांगतो). तेवढी तयारी नसेल तर त्या दोघांना कायमचं वेगळं ठेवणं बरं.

हरलेल्याचं खरंच बरं चाललंय का, हे दिवसा बघून कळत नाही. रात्री सगळी खुराड्यात बसली की त्याच्या छातीच्या वरच्या बाजूला, मानेच्या बुडाशी हात लावा. तिथली दाण्याची पिशवी भरलेली, टणक लागली तर त्याला पोटभर मिळतंय. रोज रिकामी लागत असेल आणि छातीचं मधलं हाड बोटाला धारदार जाणवत असेल, तर तो कळपात राहून उपाशी मरतोय. वर जखम एकही दिसणार नाही.

पायाला सुतळी बांधून "वेगळा" ठेवणं

आपल्याकडं भांडखोर कोंबड्याला खुंटीला बांधायची पद्धत सर्रास आहे. कृपा करून हे करू नका. बांधलेल्याला पळता येत नाही, आणि पळून जाणं हाच हरलेल्याचा एकमेव बचाव असतो. मोकळा कोंबडा येऊन त्याला तिथंच मारतो. कुत्रा-मुंगसाचं भय वेगळंच.

अंगणाच्या मध्यभागी डालग्याखाली झाकणंही तसंच. बांबूच्या फटींतून दोघं एकमेकांचे तुरे फाडतात. झाकायचंच असेल तर डालग्यावर गोणपाट टाका किंवा घराच्या दुसऱ्या बाजूला न्या. दिसला नाही की निम्मा राग ओसरतो.

कोंबड्या कमी, कोंबडे जास्त

साधारण आठ ते दहा कोंबड्यांमागं एक कोंबडा पुरतो. सहा कोंबड्यांत तीन कोंबडे ठेवले तर भांडण होणारच, आणि त्याचा त्रास कोंबड्यांना जास्त होतो. त्यांच्या पाठीवरची आणि डोक्यामागची पिसं झडून कातडी उघडी पडलेली दिसली, तर कोंबडे जास्त झालेत असं समजा.

यात्रेसाठी राखलेले नर सांभाळायचेच असतील तर त्यांचं वेगळं बिऱ्हाड करा. फक्त नरांचं, एकही कोंबडी नसलेलं, आणि शक्यतो कोंबड्या दिसणार नाहीत अशा बाजूला. एकत्र वाढलेले नर अशा ठिकाणी बऱ्यापैकी शांत राहतात. पण त्यातला एक काढून आठवड्यानं परत टाकला की क्रम नव्यानं ठरवायला सुरुवात होते. काढला तो काढला.

पावसात कोंडून ठेवणं

जांबोटी, कणकुंबीकडचा पाऊस ज्याला माहीत आहे त्याला हे वेगळं सांगायला नको. जून ते सप्टेंबर कोंबड्या दिवसचे दिवस आत असतात, आणि बाहेर कधीच न भांडलेले कोंबडे आत भांडायला लागतात. आत प्रत्येक पक्ष्याला निदान चार चौरस फूट जागा धरा, मोकळ्या कुंपणात दहा. जागा वाढवता येत नसेल तर आडोसे वाढवा. कडब्याच्या पेंढ्या भिंतीला तिरक्या लावा, मध्ये गोणपाटाचा पडदा सोडा, बसायला दांड्या लावा. हरलेल्याला नजरेआड होता आलं पाहिजे, आणि आडोशाला दोन्हीकडून वाट हवी. एकच तोंड असलेला कोपरा त्याच्यासाठी सापळा ठरतो.

दाणा आणि पाणी एकाच ठिकाणी ठेवू नका. कोंबडे जितके, त्यापेक्षा एक भांडं जास्त, आणि एका भांड्यावरून दुसरं दिसणार नाही असं.

बाजारातून आणला आणि थेट सोडला

आठवड्याच्या बाजारातून उमदा कोंबडा आणायचा आणि घरी येताच परड्यात सोडायचा, यात दोन धोके आहेत. पहिला रोगाचा. राणीखेत अशाच वाटेनं घरात शिरतो आणि लस न दिलेला कळपच्या कळप जातो. म्हणून नवा पक्षी निदान तीन आठवडे लांब ठेवा आणि त्याच्याकडं जाऊन आल्यावर हातपाय धुऊनच जुन्या कोंबड्यांकडं जा.

दुसरा धोका भांडणाचा. तीन आठवडे झाल्यावर मध्ये जाळी लावून आठवडाभर शेजारी ठेवा. जाळीवर सुरुवातीला धडका देतील. पुढं एकमेकांसमोर निवांत दाणा टिपायला लागले की मोकळ्या जागेत, तुम्ही हजर असताना सोडा. रात्री गुपचूप खुराड्यात बसवला की सकाळी आपला समजतात, असं आपल्याकडं सांगतात. जाळीची ओळख झाली असेल तर रात्र थोडी मदत करते. नुसत्या रात्रीवर विसंबू नका, सकाळी दार उघडायला उशीर झाला तर आत पळायला जागा नसते.

जखम आणि देवी यांत गल्लत

तुऱ्यावर काळ्या खपल्या दिसल्या की भांडणाची जखम समजून हळद लावून सोडून देतात. नीट बघा. वार लागला असेल तर चीर असते, एक-दोन ठिकाणी, आणि रक्त वाळलेलं असतं. चामखिळीसारख्या गाठी असतील, तुऱ्यावर, गालावर, डोळ्याच्या कडेला, आणि इतर पक्ष्यांनाही येत असतील तर त्या देवी आहेत. देवी डासांमुळं पसरते आणि भांडणातल्या उघड्या जखमेतूनही शिरते, म्हणून दोन्ही एकदम असू शकतं. शंका आली तर गावच्या पशुवैद्यकीय दवाखान्यात दाखवा.

साधी जखम कोमट मिठाच्या पाण्यानं धुवा आणि पक्षी वेगळा ठेवा. रक्ताचा लाल रंग दिसला की कोंबड्यासुद्धा टोचायला येतात. पावसाळ्यात माशी बसून अळ्या पडतात, तेव्हा जखम रोज उघडून बघा. डोळ्याला लागलं असेल तर घरगुती उपाय नकोत.

पायामागचा काटा बुडातून छाटू नका. आत हाड आणि रक्त असतं. फक्त टोक कानशीनं घासून बोथट करा.

जमलेली घडी अचानक बिघडली तर

वर्षभर नीट असलेला कळप एकदम भांडायला लागला तर आधी वरच्या क्रमाचा कोंबडा आजारी आहे का ते बघा. पिसं झडण्याच्या काळात किंवा आजारात तो मऊ पडतो आणि खालचा लगेच संधी घेतो. अंगावर उवा आहेत का, पंखाखाली बघा. तसं काही नसेल तर एखादा तरणा वयात आला असेल. तुरा लालभडक झाला, बांग स्थिर झाली की तो आता पिल्लू राहिलेला नसतो.

असीलचं रक्त असलेल्या कोंबड्यांना मात्र यातलं बरंच लागू होत नाही. ती जात झुंजीसाठीच निवडत आणलेली आहे, ते मान वळवत नाहीत. पुरे वाढलेले दोन असील नर कधीच एकत्र ठेवू नका. त्यांना मुद्दाम झुंजवणं १९६० च्या प्राण्यांना क्रूरतेनं वागवण्यास प्रतिबंध करणाऱ्या कायद्यानं गुन्हा आहे, आणि कायदा नसता तरी ज्या जिवाला आपण दाणा घातला त्याचं असं करू नये.

पैदाशीला कुठला ठेवायचा, हे पाच-सहा महिन्यांचे असताना ठरवा. आकार, रंग सगळे बघतात, स्वभावही बघा, तो पिल्लांत उतरतो. दाणा सापडला की आधी कुकुकु करून कोंबड्यांना बोलावणारा, घार दिसली की ओरडणारा, आणि समोरच्यानं मान वळवली की थांबणारा, तो ठेवा. पळणाऱ्याच्या मागं सगळं परडं पालथं घालणारा कितीही देखणा असला तरी यात्रेला पहिला त्याचा नंबर लावा.